एका ओळीचा शेतकरी

दीपमालाची नोकरी कायम व्हायला फक्त एक सही बाकी होती. तिच्या नाशिकच्या सॉफ्टवेअर कंपनीनं एका कांदा उत्पादक संघाला नवी प्रणाली करून दिली होती. संघाचे अध्यक्ष भिकनअण्णा यांनी 'काम समाधानकारक' असं लिहून दिलं की पोरगी कायम! आणि काम तर झकास झालं होतं. जुन्या प्रणालीत शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर आणि मोबाईल साठवायला संगणकाला द्यायच्या सूचनांच्या दीडशे ओळी लागत. संगणकाच्या नव्या भाषेत तेच तिनं एका ओळीत बसवलं. बाकीचं ती भाषाच समजून घेते. दीपमालाचे पाय जमिनीवर नव्हते.

संघाच्या नियमानुसार प्रणाली सगळ्या ओळींसकट कागदावर छापून, पानोपानी शिक्का मारून दाखल करावी लागे. मागच्या कंपनीनं टेम्पोतून गठ्ठे आणले होते. दीपमालानं पर्समधून पाच पानं काढली.

"बाकीचं खाली गाडीत हाय का?" अण्णांनी विचारलं.

"एवढंच आहे, अण्णा. शेतकरी एका ओळीत मावतो."

अण्णा ताडकन उठले. "आमचा शेतकरी एका ओळीच्या लायकीचा हाय व्हय?"

"पण भरवशाची ओळ आहे! एकदा नोंद झाली की तिच्यात कुणाला काही बदलता येत नाही."

"बदलता येत नाय? मग आम्ही संचालकांनी इथं काय भजी तळायची?"

लगोलग 'शेतकरी अवमान चौकशी उपसमिती' नेमण्यात आली. उपसमितीनं सदर ओळ फूटपट्टीनं मोजली. ती साडेसहा इंच भरली. प्रति शेतकरी किमान तीन पानं असावीत, अशी शिफारस एकमतानं झाली.

दीपमाला आधी रडली, मग चिडली, मग कामाला लागली. दीडशे ओळी परत घातल्या. प्रत्येक ओळीखाली 'वरील ओळ आवश्यक आहे' अशी टीप घातली. त्या टिपेखाली 'वरील टीप तपासली आहे' अशी दुसरी टीप घातली. टेम्पो भरला. प्रणाली उघडायला आता अठरा मिनिटं लागू लागली.

"आता कसं काम चालल्यासारखं वाटतंय!" म्हणत अण्णांनी सही ठोकली, वर शाल-श्रीफळ दिलं. दीपमाला कायम झाली. एका ओळीचं मात्र तिनं पुन्हा कुणाकडे नाव काढलं नाही.

हसताय काय? परवा डॉक्टरांनी "काही झालेलं नाही, दोन दिवस आराम करा" म्हणून बिनगोळीचं घरी पाठवलं, तेव्हा "ह्याला काय कळतंय" म्हणत दुसऱ्याकडे जाऊन इंजेक्शन टोचून घेणारे तुम्हीच ना?