एका पानाची पंगत

मानवजातीला एकत्र आणणारी शक्ती धर्म नव्हे, कायदा नव्हे आणि राजकारण तर नव्हेच नव्हे. ती शक्ती म्हणजे पंगत. हा सिद्धान्त माझे शेजारी देवमनभाऊ आचारी यांचा. पिंपळगाव राजा आणि आजूबाजूच्या गावांतली लग्नं, तेरव्या, भागवत सप्ताह आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस चाळीस वर्षं त्यांच्याच कढईतून पार पडले. चार हजार पानांचा स्वयंपाक ते बोलता बोलता करतात. एका माणसाचा मात्र त्यांना येत नाही.

येत नाही म्हणजे खरोखरच येत नाही. शंभराच्या खालचा अंदाज त्यांच्या हाताला नाही. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, तेव्हापासून घरात ते एकटेच. पण एकट्यापुरतं वरण करायला बसले की ते पंधरा जणांना पुरतं, आणि मग संध्याकाळी बादली घेऊन गल्लीभर फिरावं लागतं. "मास्तर, भांडं आना." नको म्हणायची सोय नाही, कारण 'नको' हा शब्द त्यांना ऐकू येत नाही. मध्यंतरी मी त्यांना खामगावला नेऊन कान तपासून आणले. कान उत्तम आहेत.

त्यांचं एक वचन आहे. "पोटाले इचारू नका, पानाले इचारा." पान रिकामं दिसलं की माणूस उपाशी, मग त्याने पोटावर हात फिरवून कितीही ढेकर दिले तरी. एकदा एका वरबापाने पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. देवमनभाऊंनी बुंदी हातांवर वाढली.

बुफे हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो. "हातात ताट घेऊन रांगेत उभं राह्यनं म्हन्जे जेवन नाही, रेशन हाय." आणि दुसरा कडक नियम असा, की शेवटचं पान उठल्याशिवाय आचाऱ्याने अन्नाला हात लावायचा नाही. लग्नात कधी दुपारचे पाच वाजतात, कधी सहा. देवमनभाऊ तोवर नुसत्या चहावर.

हे सगळं ठाऊक असूनही, श्रावणात समोरच्या इंदूबाईंच्या घराचे पत्रे बदलताना साळुंकीचं घरटं खाली आलं, तेव्हा त्यातलं जिवंत राहिलेलं एकमेव पिल्लू आम्ही देवमनभाऊंच्या ओंजळीत दिलं. गल्लीतल्या सगळ्यांची ही सामुदायिक चूक. आमचा तर्क सरळ होता. पिल्लाला खाऊ घालायचं आहे, आणि खाऊ घालणारा माणूस शेजारी बसलेला आहे.

श्रावण म्हणजे त्यांचा मोकळा हंगाम. भट्ट्या थंड, कढया अंगणात पालथ्या. अशा दिवसांत ते गल्लीतल्या गाईंनाही आग्रह करतात. पिल्लू पाहताच त्यांच्या चेहऱ्यावर चार हजार पानांची सुपारी मिळाल्यासारखं तेज आलं. पिल्लू म्हणजे काय, तर अंगावर पिसांच्या काड्या, पोट उघडं, आणि चोचीच्या दोन्ही कडांना हळद लावल्यासारखी पिवळी किनार. एक कढई सुलटी करून तिच्यात कापूस अंथरला गेला. दोनशे माणसांचा रस्सा होणाऱ्या त्या कढईत पिल्लू शोधावं लागत होतं.

मग त्यांनी वरण-भात कालवला. वर तूप. बोटाच्या टोकावर घेऊन त्यांनी तो पिल्लाच्या चोचीशी नेला. पिल्लाने तोंड मिटून घेतलं.

"लाजते," देवमनभाऊ म्हणाले. "पहिल्या पंगतीले सारेच लाजतात." आणि त्यांनी चोच उघडून घास आत सारला. मग आणखी एक. मग वरून पाणी.

इंदूबाई म्हणाल्या, "भाऊ, नको म्हनते ना थे."

अर्थात ते त्यांना ऐकू आलं नाही.

तासाभरात पिल्लाने मान टाकली. देवमनभाऊंनी ते ओंजळीत धरलं आणि पायात चप्पल न घालता निघाले. गुरांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून राहतात. आता निवृत्त आहेत. त्यांनी पिल्लाच्या चोचीवरचं पाणी टिपलं आणि त्याला उबेला धरलं. देवमनभाऊ दारात उभे होते, परीक्षेच्या निकालाला बापाबरोबर आल्यासारखे.

"काय चारलं?"

"वरन-भात. साजूक तूप होतं, डॉक्टरसाहेब."

"तूप साजूक होतं म्हनून वाचलं असं समजू नका. हे किडे खाते. अळ्या, नाकतोडे. दर अर्ध्या तासानं, दिवस उगोल्यापासून मावळेपर्यंत. पानी वरून ओतायचं नाही. अन् थे तोंड उघडीन तेव्हाच द्यायचं. उघडलं नाही, तर नाही द्यायचं."

"अन् उपाशी राह्यलं तं?"

"तुमच्या हातानं मरन्यापेक्षा बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांचं सगळं आयुष्य बैलांशी बोलण्यात गेलं आहे.

खरी अडचण पुढेच होती. देवमनभाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या स्वयंपाकात एकादशीला कांदा येत नाही. अळीचा प्रश्न शास्त्रात कुठे बसवायचा यावर ते दहा मिनिटं ओट्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "मास्तर, मी कोन? वाढपी. पान कोनाचं? त्याचं. पानात काय पडते हे खानाऱ्याच्या धर्मावर." आणि माळ पाठीवर सरकवून टाकली, तिला समोरचं दिसू नये म्हणून.

डॉक्टरांनी आणखी एक अट घातली होती. फवारलेल्या शेतातली अळी द्यायची नाही. आता श्रावणात आमच्या भागात न फवारलेलं सोयाबीन शोधणं म्हणजे प्रामाणिक उमेदवार शोधण्यासारखं आहे. असं शेत सबंध गावात एकच निघालं, ते माझं. फवारणी उद्या करू म्हणून मी तीन आठवडे टाळत होतो. माझ्या दीड एकराकडे आजवर लोक दयेने पाहत. आता डबे घेऊन येऊ लागले. अळीला शिव्या देण्यात हयात गेलेली माणसं वाकून वाकून पानं उलटत होती आणि "हे पाह्य, कवळी हाय" म्हणून एकमेकांना दाखवत होती.

इंदूबाईंच्या सुनेने भुवया कोरायचा चिमटा दिला. वल्ह्याएवढा झारा फिरवणाऱ्या हातात तो चिमटा दिसेनासा झाला. सारी गल्ली कढईभोवती गोळा झालेली. पिल्लू डोळे मिटून पडलेलं. देवमनभाऊंनी चिमटा चोचीपासून चार बोटं लांब धरला आणि थांबले. मी त्यांना पन्नास वर्षं ओळखतो. पानासमोर थांबलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. कोणीतरी खोकलं, त्याला इंदूबाईंनी कोपराने ढोसलं. मग कढईच्या कडेवर देवमनभाऊंची अंगठी वाजली, टिक्. आणि पिल्लाने मान ताठ करून अंगापेक्षा मोठं तोंड उघडलं. आत सगळं केशरी, बुंदीच्या रंगाचं. अळी गेली. पुन्हा उघडलं. दुसरी गेली. तिसरीनंतर त्याने तोंड मिटलं आणि देवमनभाऊंचा हात, चौथी अळी चिमट्यात धरून, हवेत तसाच राहिला. तो मागे घेताना त्यांना किती कष्ट पडले ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

"झालं त्याचं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य गावाने प्रथमच ऐकलं.

त्यानंतरचे दिवस आमच्या गल्लीत कोणाला दुसरा विषय नव्हता. सकाळी दूधवाला विचारायचा, "किती खाल्ल्या?" शाळेत जाणारी पोरं वाट वाकडी करून कढईत डोकावायची. पिसांच्या काड्या फुटून पिसं झाली, ही बातमी मला अंघोळ अर्धी टाकून ऐकावी लागली. फक्त देवमनभाऊ वाळत चालले, कारण शेवटचं पान उठेपर्यंत जेवायचं नाही हा नियम त्यांनी इथेही लावला होता आणि हे पान दर अर्ध्या तासाने पुन्हा बसत होतं. दिवस मावळला, पिल्लाने मान पंखात घातली, की मग ते जेवत.

याच दिवसांत भाऊसाहेब आले. आमच्या भागाचं नेतृत्व त्यांच्याकडे आहे. कसलं ते कोणी विचारत नाही. मागे पाच जण होते. त्यांचा वाढदिवस, पाच हजार पानं, रोडगे आणि वांग्याची भाजी. देवमनभाऊंनी मागे न बघता हाताने थांबा अशी खूण केली.

"पंगत चालू हाय."

भाऊसाहेब थांबले. मागचे पाच जणही थांबले. पिल्लाने सावकाश दोन नाकतोडे खाल्ले, मग ज्या दिशेला नेतृत्व उभं होतं त्या दिशेला शेपटी करून शिटलं. देवमनभाऊंनी आधी कढईतला कापूस बदलला.

"त्या दिवशी जमनार नाही, भाऊसाहेब. पाहुना हाय घरी."

"एका पाखरासाठी माह्या पाच हजार मानसाले नाही म्हनता?"

"तुमचे लोक जेवूनच येतात हो," देवमनभाऊ म्हणाले. "हा उपाशी येते."

वाढदिवस बुफेवर झाला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर आले. पिल्लाचा पंख उलगडून पाहिला, आणि म्हणाले, "आता चिमटा बंद. अळ्या खाली टाका, त्याले उचलू द्या. हातानं चारत राह्यले तं बाहेर गेल्यावर दोन दिवसांत मरीन. रडीन, ओरडीन. देऊ नका."

म्हणजे बुफे. हा शब्द मी उच्चारला नाही, पण तो अंगणात येऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर सोयाबीनचं एक झाड मुळासकट आणून ठेवलं. पानोपानी अळ्या. साळुंकी झाडाजवळ गेली नाही. ती देवमनभाऊंच्या पायाशी आली, पंख थरथरवत, तोंड उघडून, आणि ओरडायला लागली. अर्धा तास. तास. भुकेल्या साळुंकीचा आवाज लहान नसतो. इंदूबाई दार लावून आत गेल्या. देवमनभाऊ दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मी शेजारी.

"मास्तर, तुम्ही जा घरी."

"बसतो."

बऱ्याच वेळाने ते साळुंकीकडे पाहतच बोलले. "तुमची वहिनी शेवटचे दोन महिने नको म्हने. मी म्हनो, एक घास. माह्यासाठी एक घास. थे खाये. मंग भांडे घासाच्या निमित्तानं मागच्या दारी जाये अन् उलटून टाके. मले इंदूबाईनं नंतर सांगतलं." त्यांनी हात मांडीखाली आणखी आत सारले. "मले वाटे, जेवली."

मी सोयाबीनचं कलंडलेलं झाड उगाच सरळ करून ठेवलं.

साळुंकी ओरडून थकली. फरशीवर बसून राहिली. सोयाबीनच्या पानावरून एक हिरवी अळी पाठीची कमान करत खाली उतरली आणि तिच्या समोरून चालू लागली. साळुंकीने मान तिरकी केली. एकदा चोच मारली, ती फरशीवर आपटली. दुसऱ्यांदा अळी उचलली गेली, पडली. तिसऱ्यांदा गेली.

देवमनभाऊ हलले नाहीत. "आपल्या मनानं घेतलं," एवढंच म्हणाले, आणि मांडीखालून हात काढले. हातांवर फरशीचे वळ उठले होते. मग ते उठून आत गेले, भाकरी घेऊन आले आणि भर सकाळी, पान उठायच्या आधी, साळुंकीच्या समोर बसून जेवले.

चार दिवसांनी ती आधी कढईच्या काठावर, मग निंबावर, मग विजेच्या तारेवर गेली. खाली इंदूबाई, त्यांची सून, दूधवाला, डॉक्टर आणि मी माना वर करून उभे. तारेवरच्या साळुंक्यांनी थोडी जागा करून दिली. त्या दिवशी गल्लीत बादलीभर बुंदी वाटली गेली, आणि इंदूबाईंनी पुरे म्हटल्यावर देवमनभाऊंनी पळी मागे घेतली.

आता ते रोज सकाळी अंगणात उभं राहून मला हाक मारतात. "मास्तर, पाह्यली का आपली? आली पाहा." तारेवर आठ-दहा साळुंक्या असतात. ते क्षणाचाही विचार न करता एकीकडे बोट दाखवतात, ती कशी धष्टपुष्ट झाली आहे, बाकीच्यांपेक्षा कशी शहाणी आहे हे सांगतात, आणि मी हो म्हणतो. बोट रोज वेगळ्या पक्ष्याकडे असतं. काल दाखवला तो पारवा होता.