फ्लॉपीचा कौल

यंत्रं मला घाबरतात! आमच्या आळीत मिक्सर अडला, पंखा रुसला की पहिली हाक मलाच येते. (आमचा पाण्याचा पंप मी उघडला तो अजून दोन डब्यांत आहे, पण ते जाऊ दे.) म्हणूनच एकोणनव्वद साली माझा मेहुणा गुणाजी मुंबईची नोकरी सोडून, कॉम्प्युटर घेऊन रत्नागिरीत आमच्या घरी उतरला, तेव्हा मी म्हटलं, "निर्धास्त राहा! मी आहे ना!"

तो निर्धास्त राहिला. चूक त्याची!

आमच्या पुढच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर क्लास निघायचा होता. सगळे धडे त्याने खपून खपून त्या यंत्रात भरले होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो खुर्च्या आणायला लांज्याला निघाला. जाताना म्हणाला, "भाऊजी, यंत्र अडलंच तर सुरू करायची फ्लॉपी डब्यात आहे. पण तिथेच सगळं पुसून टाकणारीही एक आहे. चिठ्ठी बघून घ्या हां!"

त्याची पाठ वळली आणि मी बदकं मारायच्या खेळाची फ्लॉपी यंत्रात सरकवली. बदकं भराभर पडत होती, तेवढ्यात वीज गेली. मी तसाच उठून जेवायला गेलो. वीज आल्यावर बघतो तर पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ. ही फ्लॉपी यंत्र सुरू करणारी नाही, बदला! बटण बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच!

"आता ती संकटकाळची फ्लॉपी!" मी ऐटीत डबा उघडला. आत तीन फ्लॉप्या आणि तळाशी गळून पडलेल्या तीन चिठ्ठ्या! आमच्या दमट हवेत टपालाची तिकिटं टिकत नाहीत, तिथे ह्या काय टिकणार?

बायकोचा, दमयंतीचा, चेहरा उतरला. "अहो, माझ्या भावाने ह्याच्यापायी नोकरी सोडलीय! चुकीची घातलीत तर उद्या तो शिकवणार काय? कपाळ?"

पोरगा माझ्या भरवशावर गेला होता.

आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, मात्र भलतंच कुतूहल! त्यांनी एक फ्लॉपी उजेडाला धरली, हुंगली, कानाशी नेऊन हलवली.

"ह्यात धडे हायत? मग दिसत नायत ते?"

"डोळ्यांना दिसत नाहीत, आप्पा."

"पन असतात?"

"असतात की!"

"दिसत नाय, पन असतां! मग ह्यां काम देवीचां. चल, कौल लावूया!"

आमच्या घरात विहिरीपासून सोयरिकीपर्यंत सगळं देवीला विचारून होतं. तेव्हा तिन्ही फ्लॉप्या ताटात घालून आम्ही देवळात गेलो. धाकू गुरवाने त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"मधी भोक कशाला?"

"फिरायला."

"चौकोनी वस्तू फिरते कशी?"

मी ताट पुढे सरकवलं. धाकूने पहिलीला कुंकू लावून ती देवीपुढे ठेवली, मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई म्हाराजा! ह्या लेकराचां यंतर अडलां हाय. ही फ्लापी घालायची असल तर उजवी दे, नसल तर डावी दे!"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

डावी पडली. दुसऱ्या फ्लॉपीला डावी. तिसरीलाही डावीच!

"आई नाय म्हंते," धाकू म्हणाला.

"तिन्हींना? अरे, एक तर असायलाच हवी! देवीला ह्यातलं कळत नसेल."

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ताट उचललं. "तुला कळतां तेवढां तरी तिला कळतां!" ते घरापर्यंत पुटपुटत होते.

गुणाजीची गाडी यायची वेळ झाली होती. मी मन घट्ट केलं. खेळाची फ्लॉपी उपसून काढली आणि ज्या फ्लॉपीवर कुंकू ठसठशीत होतं ती उचलली. दमयंतीने माझं मनगट धरलं.

"नका! देवी नको म्हणालीय!"

"सोड!"

तेवढ्यात पुन्हा वीज गेली! पंखा थांबला, पडदा विझला. आम्ही तसेच हात धरून उभे. वीज आली, यंत्र गुरगुरलं, आणि आत काहीही न घालता पडद्यावर गुणाजीचे धडे एकाखाली एक उमटले! दमयंतीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दारात गुणाजी, डोक्यावर दोन खुर्च्या. "काय भाऊजी, अडलं नाही ना?"

"छे! यंत्रं मला घाबरतात."

"मग ह्या फ्लॉपीला कुंकू कुणी लावलं?"

सांगावं लागलं. हसून हसून तो खुर्चीत कोसळला. "अहो, खेळाची फ्लॉपी आत राहिली होती! यंत्र आधी तीच वाचायला जातं. ती काढली की ते आपलं आपण सुरू होतं. ह्यातली एकही घालायची नव्हती!"

"म्हंजे तिन्ही नाय!" आप्पांनी तिथूनच देवळाच्या दिशेने हात जोडले.

"आणि ही माझ्या हातातली कुठली?" मी हळूच विचारलं. गुणाजीने तिच्या कोपऱ्यावरची खूण बघितली, हसू थांबवलं आणि ती स्वतःच्या खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी थाटात उद्घाटन झालं. नारळ धाकूने फोडला. गुणाजीने विचारलं, "पहिला विद्यार्थी कोण?" आप्पांनी ताबडतोब माझं नाव सांगितलं. त्यासाठी मात्र त्यांना कौल लावावासा वाटला नाही!