सासरेबुवांची मेणपेटी

स्कीला मेण लावण्यात आख्ख्या खोऱ्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच सांगतोय, कारण सांगणारं दुसरं कोणी अजून भेटलेलं नाही.

आमच्याकडे नॉर्वेत मूल आधी स्कीवर उभं राहतं आणि मग बोलायला लागतं. हिवाळ्यातल्या रविवारी जो घरात बसतो तो एकतर आजारी असतो, नाहीतर स्वीडिश. पण चढावर स्की मागे सरकू नये म्हणून तिला खालून मेण लागतं, आणि तेही त्या दिवशीच्या बर्फाला मानवणारं. कडाक्याची थंडी असेल तर निळं, बर्फ ओला असेल तर क्लिस्टर. क्लिस्टर म्हणजे ट्यूबमध्ये भरलेलं डांबरच. एकदा बोटाला लागलं की जन्माची सोबत.

माझे सासरे तोर्लाइफ यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेली लाकडी मेणपेटी आहे. तिला दुसऱ्या कोणी हात लावायची सोय नाही. मी इतकी वर्षं सासरच्या डोंगरातल्या घरी जातोय, आणि मला काम काय? लाकडं फोडा! जावई म्हणे दहावा ग्रह. इथे दहाव्या ग्रहाच्या हातात कुऱ्हाड. पण यंदा सासऱ्यांचा खांदा धरला आणि जेवताना त्यांनी जाहीर केलं, "उद्या सगळ्यांच्या स्कीला मेण हल्वोर लावेल. सगळे नीट माथ्यावर पोचले, तर पेटी त्याची. नाहीतर शेतिलची."

हल्वोर म्हणजे मी. शेतिल म्हणजे माझा साडू, ऑस्लोचा शहाणा.

"माझ्या स्कीला हात लावू नकोस हं," तो गालातल्या गालात हसत म्हणाला. "माझी तयारी झालीय."

मनात म्हटलं, हस बेट्या.

उजाडता उजाडता मी उठलो. ताजा बर्फ पडला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थर्मामीटर टांगलेला आहे, त्यात पाहिलं तर शून्याच्या वर तीन! दुसरा कोणी अडाणी असता तर निळं फासून मोकळा झाला असता. मी सगळ्यांच्या स्की आडव्या मांडल्या आणि ट्यूबच्या ट्यूब पिळल्या.

"अरे, बाहेर नाक गोठतंय आणि तू क्लिस्टर लावतोस?" माझी बायको राग्निल म्हणाली.

"नाकाला काय कळतंय? यंत्र आहे ना तिथे." मला तर उत्साहाने घाम फुटला होता.

वरात निघाली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून सासऱ्यांनी स्कीखाली डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. जरा पुढे गेलो नाही तोच मागून सासूबाई म्हणाल्या, "हल्वोर, मी उंच होतेय का रे?"

वळून पाहिलं. खरंच होत होत्या! क्लिस्टरला ताजा बर्फ चिकटत होता, त्यावर आणखी बर्फ. बघता बघता प्रत्येकाच्या पायाखाली जेवणाचे पाट तयार झाले. घसरत मात्र कोणी नव्हतं. घसरायला आधी सरकावं लागतं.

"थर्मामीटर किती दाखवत होता?" सासऱ्यांनी शांतपणे विचारलं. त्यांचं शांत बोलणं फार वाईट.

"वर तीन, बाबा."

"स्वयंपाकघराच्या खिडकीतला?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, मी पहाटेपासून ती खिडकी उघडी टाकून वाफल भाजत होते. सगळी वाफ त्याच्याच तोंडावर जात होती."

"म्हणजे याने वाफलचं तापमान घेतलं," राग्निल म्हणाली.

तेवढ्यात शेतिल शेजारून सपकन चढ चढून गेला, वळला आणि परत आला. "काय मंडळी, मुळं फुटली वाटतं?"

"शाब्बास!" सासरे म्हणाले. "कुठलं मेण लावलंस?"

गेली पेटी. आता मरेपर्यंत लाकडं.

शेतिल मात्र चाचरायला लागला. सासऱ्यांनी त्याला पाय उचलायला लावला. स्कीखाली केसाळ पट्टी होती!

"हे काय?"

"फर आहे, बाबा. दुकानातच चिकटवून मिळते. हिला मेण लागतच नाही."

सासऱ्यांचा चेहरा घरात मयत झाल्यासारखा झाला.

"चुकीचं मेण लावणारा गाढव असतो," ते म्हणाले, "पण निदान आपल्यातला असतो. पेटी हल्वोरची."

मी आनंदाने उडी मारली. म्हणजे मारणार होतो, पण पाय सुटले नाहीत.

"अहो, तुमचा आणि शेतिलचा पाय एकाच मापाचा आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्या केसाळ घालून तर बघा. इथे उभं राहून काय करणार?"

"छे!"

"नुसतं बघा हो."

सासरे कुरकुरत निघाले, चढ चढले आणि दिसेनासे झाले. आम्ही स्की काखोटीला मारून, गुडघाभर बर्फ तुडवत घरी आलो. शेतिललाही तेच करावं लागलं, तेवढंच समाधान. वाफल संपल्यावर केव्हातरी सासरे उगवले. गाल बीटासारखे लाल, डोळे चमकताहेत.

"वाईट आहेत," ते म्हणाले. "अगदीच वाईट. कुठल्या दुकानात मिळतात?"

आता घरात सगळ्यांकडे केसाळ स्की आहेत. राग्निलकडेसुद्धा.

पेटी माझ्याकडे आहे. परवा मी ती मोठ्या थाटात उघडली आणि लाकडं ठेवायच्या खोपटाच्या दाराची बिजागरी करकरत होती, तिला मेण लावलं. निळं.

हो, आधी थर्मामीटर बघून.