यशिमाच्या चढावर ‘नाही’ म्हणायचं नाही

“तू आपली बसने जा! मी पाचच्या आत चालत वर पोहोचलो नाही, तर अठ्ठ्याऐंशीव्या देवळापर्यंत तुझी पिशवी मी वाहीन!”

यशिमा डोंगराच्या पायथ्याशी कुनिहारू मोरिसादांनी बायकोला छाती फुगवून सुनावलं. जपानच्या शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी देवळांच्या यात्रेतली त्र्याऐंशी झाली होती. प्रत्येक ठिकाणी दोघांच्या एकाच वहीत शिक्का घ्यायचा. शिक्क्याची खिडकी पाचला बंद. चुकली की उद्या पुन्हा हाच डोंगर! पण आत्ता तर कुठे तीन वाजले होते. फुमिएबाईंनी नवऱ्याची पडशी नीट बांधून दिली आणि निमूट बसमध्ये चढल्या.

पांढऱ्या अंगरख्यातला यात्रेकरू दिसला की इथले लोक काहीतरी दान देतात, आणि ते नाकारायचं नसतं. पहिल्याच वळणावर एका आजीबाईंनी डझनभर संत्री पडशीत कोंबली. पुढे नूडल्सवाल्यानं हात धरूनच आत नेलं.

“आत्ताच जेवलोय हो!”

“मग हे दान समजा!”

मोरिसादांनी वाडगाभर जाड उदोन नूडल्स गिळले. पोट नगाऱ्यासारखं झालं. चार वाजले. अर्ध्या चढावर एक निवृत्त मास्तर बाकावर बसले होते.

“माझ्याकडे खायला द्यायला काही नाही,” ते म्हणाले, “म्हणून मी युद्धाची गोष्ट दान देतो. साडेआठशे वर्षांपूर्वी, इथेच खाली...”

“गुरुजी, जरा घाई आहे...”

“दान नाकारता?”

मोरिसादा काठी बाजूला ठेवून बसले. मास्तरांनी त्यांच्याच संत्र्यांच्या होड्या मांडल्या, त्यांच्याच काठीचं धनुष्य केलं. “शत्रूनं आव्हान म्हणून होडीवर हातपंखा उभारलेला! किनाऱ्यावरून नेम धरला...”

“आणि बाण पंख्याला लागला! शाळेत शिकलोय!”

“वारा कुठून होता, ते शिकवलं का शाळेत?”

त्या वाऱ्यानंच पाऊण तास खाल्ला!

मोरिसादा धापा टाकत वर पोहोचले तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. खिडकी बंद. बाहेर बाकावर फुमिएबाई गुडघे चोळत बसलेल्या. ते पाहून मोरिसादांना भडभडून आलं.

“चुकलं माझं! उद्या मी एकटाच चढून शिक्का आणतो.” त्यांनी पडशीत हात घातला आणि ते पांढरेफटक पडले. “अगं, वही! वही गेली!”

फुमिएबाईंनी वही उघडून समोर धरली. चौऱ्याऐंशीव्या पानावर लालभडक शिक्का! “बांधतानाच काढून घेतली. तुम्हाला कुणी धोंडा दिला असता, तरी तुम्ही घेत बसला असता!”

मोरिसादांच्या जिवात जीव आला, आणि लगेच आवाजही. “म्हणजे शिक्का मिळाला! मग पैज रद्द!”

बाई उठल्या, कमरेत वाकल्या आणि दोन्ही हातांनी आपली पिशवी पुढे केली. “यात्रेकरू महाराज, गरिबाचं एवढं दान घ्या.”

दान कसं नाकारणार! त्यांनीही वाकून पिशवी घेतली, आणि वाकलेलेच राहिले.

“अगं, भरलंयस काय यात?”

“संत्री! बसमध्ये तिघीजणी भेटल्या. मला तरी कुठे नाही म्हणता येतं?”