नाव नको, झाड सांगा

आमच्या गेटवरच्या मामांना कुणी स्वतःचं नाव सांगू लागलं, की ते दोन्ही कानांवर तळवे दाबून धरतात. समोरचा माणूस गप्प होतो. त्याला वाटतं, म्हातारा बहिरा आहे, नाहीतर आपलंच काहीतरी चुकलं. मग मामा हात खाली घेऊन समजुतीनं म्हणतात, "नाव नको, झाड सांगा."

नगरकडच्या बेलापूरच्या रस्त्याला लागून कापसाच्या एका जुन्या जिनिंग गिरणीचं आवार आहे. त्यात आता एकाच कुंपणात पाच संस्था बसतात. गेट एक, पाण्याची टाकी एक, स्वयंपाकघरही एकच. पूर्वी माणसांना एका कामासाठी नगरला, दुसऱ्यासाठी नाशिकला हिंडावं लागायचं, ते वाचलं. पण एक घोर लागला. कोण कुठल्या दारात शिरलं, ते साऱ्या रस्त्याला दिसायला लागलं. अमक्याची सून बायकांच्या सल्ला केंद्रात गेली, तमक्याचा पोरगा दारू सोडवायला गेला, हे ती माणसं घरी पोचायच्या आधी गावात पोचायचं.

त्यावर मामांनी आपल्या डोक्यानं तोड काढली. दारूचं केंद्र म्हणजे लिंब, आपला कडुलिंब. बायकांचं केंद्र जांभूळ. कानानं कमी असलेल्या मुलांची शाळा आंबा. मनाच्या दुखण्याचे डॉक्टर बसतात ती चिंच. आणि ज्या रोगाचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही, त्याच्या गोळ्या मिळतात तो करंज. झाडं खरीच आहेत, ज्या त्या दारापुढं. मामा नव्या माणसाला हे हळू आवाजात समजावतात आणि पुढच्या खेपेपासून तो माणूस गेटवर येऊन "चिंच" म्हणतो आणि आत जातो. बाहेर रिक्षावाला उभा असला तरी त्याला काय कळणार?

एकदा एक गडी सकाळीच झुलत आला. मामा म्हणाले, "लिंबाकडं जा."

"कोनत्या लिंबाकडं? मला दोन दिसत्यात."

"दोन दिसत्यात तंवर तुमी बरोबर जागी आलाय," मामा म्हणाले आणि त्याला हाताला धरून सोडून आले.

नव्या व्यवस्थापक मॅडम आल्या तेव्हा त्यांनी पाचही दारांवर मोठ्या अक्षरांच्या पाट्या लावल्या. दुसऱ्या दिवशी पाचही पाट्यांवर कपडे वाळत होते. एकीवर धोतर, एकीवर पंचा, एकीवर मामांची बंडी. मॅडम म्हणाल्या, "मामा, हे काय?" मामा म्हणाले, "ऊन तिथंच चांगलं येतं." आठवडाभर मामा कोरडे कपडे पुन्हा ओले करून वाळत घालत होते. शेवटी मॅडमनीच पाट्या उतरवल्या. त्यानंतर त्याही फोनवर "मी आंब्यापाशी आहे" असं म्हणायला लागल्या.

मला मामा 'शेवगा' म्हणतात, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीशी शेवगा आहे. "ए शेवगे, च्या झाला का?" तीन वर्षं झाली, माझं नाव त्यांना ठाऊक नाही. मी एकदोनदा सांगायला गेले, तर कानावर हात.

मी लांबची. यवतमाळकडची. सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर इकडं वीटभट्टीवर आले. भट्टीवरचं सगळं इथं लिहीत नाही. एका दुपारी मी नेसत्या लुगड्यानिशी निघाले आणि कुणीतरी सांगितलं म्हणून या गेटाशी आले. जांभळाखालच्या ताईंनी मला ठेवून घेतलं, मग स्वयंपाकाला लावलं. ताटभर जेवण, निजायला खोली, आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. एवढं मिळाल्यावर माणसानं निवांत व्हावं की नाही? पण मोटरसायकल गेटाशी थांबली की माझ्या हातातली पोळी अजून तव्यावर करपते.

माझी बोली इथल्या बायकांना गमतीची वाटते. 'का' म्हणायच्या जागी मी 'काहून' म्हणते. भाज्या निवडताना त्या मुद्दाम विचारतात, "काहून गं शेवगे, मीठ कमी काहून?" मी पण हसते. मामा तेवढे हसत नसत. एकदा म्हणाले, "तुझं ते काहून गेटच्या आतच ठेव. बाहेर न्यायचं न्हाई. लई लांबून ऐकू येतं त्ये."

मी बोलणं जपलं, पण दुसरीकडं चुकले. बहिणीला बरं वाटावं म्हणून मोबाईलवर माझा एक फोटो पाठवला. मागं गेट आलं होतं, आणि गेटाच्या खांबावर रस्त्याचं नाव. तिनं तो आईला दाखवला, पुढं कुठून कुठं गेला कोण जाणे.

मग एक दिवस, सकाळी अकराची वेळ. मी मेथी निवडत होते. गेटाशी मोटरसायकल थांबली आणि आवाज आला, "काहून उघडत नाही गेट?"

धान्याच्या कोठीमागं मी खाली बसले. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

मामा म्हणाले, "झाड सांगा."

"कायचं झाड? माही बायको हाय इथं. सुनीता नाव हाय तिचं."

"ह्या नावाचं कोनी मला म्हाईत न्हाई."

ते खरं होतं. मामा खोटं बोलतच नाहीत, त्यांना ते जमतही नाही. तेव्हा कुठं मला त्या कानांवरच्या हातांचा अर्थ लागला.

"हा फोटो पाहा. हेच गेट हाय."

"चष्म्याबिगर मला दिसत न्हाई." चष्मा मामांनी तेवढ्यात काढून खिशात घातला होता, हे मला मागाहून कळलं.

"काहून खोटं बोलता, बुढे बाबा? काहून?"

"कावून? कावून म्हनून पन कोनी न्हाई हितं. आडनाव काय कावूनचं?"

एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी मी तोंडात पदर कोंबून बसले होते. मग गेट हादरल्याचा आवाज आला, साखळी वाजली, आणि मामा "अरं, अरं" म्हणाले. त्यानं सळयांमधून हात घालून त्यांची गचांडी धरली होती. तेवढ्यात लिंबाखाली व्यायाम करणारे पंधरा-वीस गडी चालत आले आणि मामांच्या मागं नुसते उभे राहिले; हे त्यांनीच मला मागाहून सांगितलं. मोटरसायकल चालू झाली. "परत येतो," असं तो म्हणाला.

ताईंनी लगेच पोलिसांत लेखी दिलं. ठाण्यात बोलावून त्याला समज दिली, असं कळलं. तो अजून आलेला नाही. येणारच नाही, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

मी चहा घेऊन गेले तेव्हा मामा खुर्चीवर बसले होते. सदऱ्याची दोन बटणं तुटलेली, आणि कपबशी मलाच त्यांच्या तोंडाशी धरावी लागली.

"मामा, तुम्ही भ्याले?"

"लई. मी लहानपनापासून भित्रा हाय." दोन घोट घेऊन म्हणाले, "म्हनून तर गेटवर बसवलं मला. न भिनाऱ्यानं ते उघडंच ठिवलं असतं."

त्यानंतर मी आवाराबाहेर पाऊल टाकेना. दोन महिने गेले. मग एका बाजाराच्या दिवशी मामा सकाळीच पिशव्या घेऊन खिडकीशी आले. "चल शेवगे, मी हाय संगं. दोघं मिळून भिऊ."

बेलापूरच्या बाजारात मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून चालत होते. समोरून एक बाई आली. कडेवर मूल, हातात पिशवी. मामांना पाहून ती जागीच थांबली. तिचं तोंड असं उजळलं, जसं माहेरचं माणूस दिसावं. एक पाऊल पुढंही टाकलं तिनं. मामांनी चटकन पाठ फिरवली आणि कोथिंबिरीची जुडी उचलून नाकाशी धरली. बाई क्षणभर उभी राहिली. मग तिच्यामागून तिची सासू असावी अशी एक म्हातारी आली, आणि दोघी गर्दीतून पुढं निघाल्या.

मला राग आला. "मामा, ती तुम्हाला पाहून हसली. बोलले काहून नाही?"

"वळख दाखवली की सासू इचारनार, ह्यो कोन, कुठला." जुडी नाकाशीच होती. "कोनालाच दावत न्हाई मी बाजारात. उद्या तू आवारातनं गेलीस की तूबी मला बघून थांबू नको."

बाजाराचा गलका चालू होता.

थोड्या वेळानं, पाठ तशीच ठेवून, त्यांनी हळूच विचारलं, "लांब गेली का?"

"नाही. बांगड्यांच्या दुकानापाशी आहे."

"मग बघ की जरा. अंगानं भरलीय का?"

"भरली आहे."

"आन् पोरगं?"

"खाली उतरवलंय. तिचं बोट धरून चालतंय."

"चालतंय व्हय," मामा म्हणाले, आणि हातातली जुडी खाली ठेवून दुसरी उचलून तिचाही वास घेत राहिले.