पिंपळाभोवती जीप

गुडघा मोडला तरी चालेल, व्रत मोडायचं नाही, असा माझा बाणा! त्या सोमवती अमावास्येला गुडघा खरंच सुजून कोहळ्याएवढा झाला. तळोद्याच्या बाजारातल्या पिंपळाला प्रदक्षिणा घालायच्या, त्याही मौन धरून. पण पाऊलच टाकवेना!

आमचे हे, भटूचे बाबा बन्सीलाल, म्हणाले, “भटूनी माय, चिंता करू नको. मन्ही जीप कसाले शे?”

लष्कराच्या लिलावातली जीप घेतल्यापासून यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. लायसन नवंकोरं. त्याच्याच भरवशावर मोलगीच्या बाजाराला माल न्यायचं काम मिळालं होतं.

मी मौन धरून जीपमध्ये बसले. पहिले फेरे पालखीसारखे सावकाश झाले. दर फेऱ्याला मी पिंपळाकडे एक बत्तासा टाकी. तेवढ्यात पुढच्या बैलगाडीतलं पोतं फुटलं अन् रस्ताभर सरकीच सरकी! जीपची मागची चाकं घसरली. तोंड पिंपळाकडे, शेपूट दुकानांकडे, अन् आम्ही आडवेच फिरतोय!

मौनात ओरडणार कशी? ‘बंद करा’ म्हणून मी जोरजोरात हात फिरवला.

“आखो जोरमा? हाई घे!” हे आनंदानं ओरडले अन् त्यांनी हातातलं चाक आणखी जोरात ओढलं.

पुढच्या फेऱ्यात जीपच्या शेपटानं माणकचंद शेठचा मिरच्यांचा ढीग झाडून नेला. सगळा बाजार शिंकायला लागला! मीही शिंकले. (शिंकेनं मौन मोडत नाही. मी मागाहून गुरुजींना विचारून घेतलं.)

जामसिंग हवालदार शिंकतच धावून आले. “भररस्त्यात जीप भोवऱ्यासारखी फिरवता? गुन्हा आहे हा! आक्छी! लायसन काढा!”

“मी त देवना पिंपळभोवती फिरी ऱ्हायनू!”

“पिंपळ देवाचा, पण रस्ता सरकारचा! ताई, तुम्ही सांगा. आपोआप घसरली असेल तर सोडतो. मुद्दाम फिरवली असेल तर लायसन गेलं!”

मी पिंपळाकडे बोट दाखवलं. फेरे बाकी होते ना!

“बघा, पिंपळाची शपथ घेऊन सांगताहेत, मुद्दामच फिरवली!” शेठ म्हणाले.

शेवटी आमच्या शेजारीण निर्मलाबाई पुढे झाल्या. “तिनं मौन शे, दादा! फेरा पुरा व्हवाबिगर ती बोलाव नही.”

जबानी तर हवी, अन् जीप अडवून ठेवलेली. मग काय, यांनी मला पाठुंगळीला घेतलं आणि उरलेले फेरे घातले! मागून हवालदार, त्यांच्यामागे अर्धा बाजार. हे धापा टाकत दर फेऱ्याला कुजबुजत होते, “घसरनी म्हन, घसरनी!”

फेरे संपले. मी पदर सावरला. “घसरली हो, भाऊ. सरकीवरून.”

हवालदारांनी मान डोलावली. यांचा जीव भांड्यात पडला.

मी हळूच म्हटलं, “मी तर बंद करा म्हणून हात फिरवत होते.”

“बंद?” हे उसळले. “मी समजनू आखो जोरमा! म्हनीसन त मी मुद्दाम चाक वढं!”

हवालदारांनी नुसता हात पुढे केला. लायसन त्यांच्या खिशात गेलं, मोलगीचं काम दुसऱ्याकडे.

त्या दिवसापासून हे घरात एक शब्द बोलेनात. निर्मलाबाई कौतुकानं म्हणाल्या, “भाग्यवान शेस माय तू! नवरानीबी व्रत धरं!”

नाही म्हटलं तरी, घरात कधी नव्हे ते शांत वाटत होतं!