हातातलं मीठ

मेंढरू कुठल्याही मुलखातलं असो, गुंडाआण्णांच्या हातातलं मीठ चाटल्याशिवाय ते पुढं सरकणार नाही, याबद्दल गुंडाआण्णांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांना सांगायचीही त्यांची तयारी असे. सोलापुरात सात रस्ता चौकातल्या सहलवाल्यांच्या ऑफिसात लडाखची सहल ठरत होती, तेव्हा त्यांनी ते गाइडलाही सांगून टाकलं.

गाइडचं नाव ऋतुराज. तो बिचारा रंगात येऊन सांगत होता, "काका, तिथं उंचावर खारं तळं आहे, त्सो कार. भोवती नजर पोचेल तिथवर नुसतं मिठाचं मैदान. लई भारी."

"तितं मेंढरं हायती का?" आण्णांनी विचारलं.

"आहेत की. मेंढपाळच राहतात तिथं, तंबूत."

झालं. आण्णांनी निघताना सामानात खडेमिठाची पुरचुंडी बांधून घेतली.

"आण्णा, मिठाच्या मैदानात मीठ घेऊन निघालाय?" त्यांची लेक सोनम म्हणाली.

"त्ये भुईवरलं. ह्ये हातातलं. मेंढराला फरक कळतोय."

सोनमला हसू आवरेना. आण्णांची बायको केराबाई मात्र हसली नाही. तिनं आपल्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

तिला कारण माहीत होतं. गेल्या वर्षी आण्णांनी कळप विकला. गुडघे चालेनात, चरायला रानं उरली नाहीत, म्हणून सांगोल्याकडचं बिऱ्हाड मोडून दोघं कुंभारीला लेकीकडं राहायला आली. कळप घेतला बिरुदेवनं, म्हणजे आण्णांच्या भाच्यानं. आता मेंढरं चारा सोडतील, रात्रंदिवस ओरडतील आणि भाचा हात जोडत दारात उभा राहील, अशी आण्णांची खात्री होती. भाचा आला नाही, त्याचा फोन आला. "मामा, काळजी करू नगा. मेंढरं दुसऱ्याच दिशी रुळली."

इतकी चांगली बातमी ऐकून आण्णा जेवले नाहीत. आपल्यावाचून एकाही जनावराचं अडलं नाही, मग जन्मभर आपण केलं तरी काय, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. एक मेंढरू, अगदी एकच, आपल्या हाताला यावं, एवढ्यासाठी हा माणूस हिमालय चढायला निघाला होता. बसमधली बाकीची मंडळी समजत होती की आण्णांना डोंगरांची आवड आहे.

मैदानाच्या काठाला बस थांबली. उतरण्याआधी ऋतुराजनं सगळ्यांना बजावलं, "हवा विरळ आहे. हळू चालायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही."

आण्णा उतरले आणि उभेच राहिले. परातीत पीठ थापटून ठेवावं तसं पांढरं, सपाट सगळं. ना झाड, ना दगड, ना आडोसा. एवढ्या मोकळ्यात माणूस किती लहान दिसतो, हे त्यांना जाणवलं आणि जरा भीतीच वाटली. पण तेवढ्यात त्यांना मेंढरं दिसली.

मिठाच्या कडेला खुरटं गवत होतं, तिथं कळप चरत होता. कळपाची मालकीण लांब बसून लोकर कातत होती. आण्णांनी पुरचुंडी सोडली, तळहातावर मीठ घेतलं आणि आपली ती ठेवणीतली हाक दिली. "हाऽऽ हुर्र, हुर्र, हुर्र."

कळपानं माना वर केल्या. आण्णांनी तळहात आणखी पुढं केला. सगळ्यात जवळच्या एडक्यानं त्यांच्या तळहाताकडं नीट पाहिलं, मग मान खाली घातली आणि पायाखालची जमीन चाटली.

"काका, त्यांना मिठाचं काय कौतुक?" ऋतुराज हळूच म्हणाला.

आण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुन्हा हाक दिली, आणखी मोठ्यानं. त्या हवेत तेवढा दम कुठला? डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि आण्णा मटकन खाली बसले.

केराबाई लगबगीनं आली. "आवं, पोटात काय न्हाय तुमच्या. ह्यो घास खावा आदी." तिनं पिशवीतून कडक भाकरी काढून मोडली. कडाड् असा आवाज त्या शांततेत पार टोकापर्यंत गेला.

पर्यटकांच्या बिस्किटांना सोकावलेला तो कळप. सगळा एकदम उधळला आणि थेट केराबाईकडं निघाला. "काकू, बसमध्ये चढा, पळा!" ऋतुराज ओरडला. पळायचं नाही आणि ओरडायचं नाही हे दोन्ही नियम त्यानं एका दमात मोडले. केराबाई पिशवी घेऊन बसमध्ये चढली. पिशवी जिथं, तिथं कळप. मेंढरंही चढली. एक सीटवर बसलं, दुसऱ्यानं कुणाचीतरी कानटोपी चघळायला घेतली, आणि ऋतुराज धापा टाकत दाराशी ऑक्सिजनची बाटली नाकाला लावून बसला.

"काका," बाटली बाजूला करून तो कळवळून म्हणाला, "जन्मभर मेंढरं राखली ना तुम्ही? काढा की बाहेर."

यापेक्षा मोठी संधी देवानंसुद्धा दिली नसती. आण्णा उठले, दारातून आत गेले, तळहात पुढं केला आणि हाक दिली. एकाही मेंढराचा कान हलला नाही. एक मेंढी तर त्यांना बाजूला सारून केराबाईकडं गेली. आण्णांनी हातातलं मीठ पुन्हा पुरचुंडीत बांधलं.

शेवटी केराबाईच ड्रायव्हरच्या दारानं खाली उतरली आणि भाकरीचे तुकडे दाखवत पांढऱ्यावरून चालू लागली. मागोमाग सगळा कळप शहाण्यासारखा उतरून गेला. कळपाची मालकीण हसत आली. तिनं भाकरीचा एक तुकडा स्वतः खाऊन पाहिला आणि केराबाईच्या हातावर सुकवलेल्या ताकाचा खडा ठेवला. दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या.

बस निघाली. आण्णा पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. केराबाई त्यांच्या मागच्या सीटवर होती. समोरच बघत आण्णा म्हणाले, "परक्या मुलखातली मेंढरं. त्यास्नी काय कळतंय? आपली असती तर आली असती. कुटं बी गेलो तर माज्या मागनं येत हुती."

"येनारच की," मागून केराबाई म्हणाली. "मागनं मी हाकत हुते."

 आण्णांच्या डोळ्यांपुढून आजवर तुडवलेल्या सगळ्या वाटा गेल्या. त्या प्रत्येक वाटेवर ते पुढं होते, आणि मागं काय चाललंय ते त्यांना आत्तापर्यंत कधी दिसलंच नव्हतं.

"मग कवा बोलली न्हाईस त्ये?"

"तुमी कवा मागं वळून बगितलं?"

यावर आण्णांना उत्तर सुचायला बराच वेळ लागला. सुचलं तेव्हा ते सांगायला त्यांनी जड झालेली मान वळवून मागं पाहिलं. केराबाईला झोप लागली होती.